कारण न देता करार संपवला, तर हातात काय उरते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत: मुदत संपण्याआधीच, आणि कोणतेही कारण न सांगता, संपवला जाणारा व्यावसायिक करार. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. हॉटेलांना कापडी सामान पुरवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीशी आमचा तीन वर्षांचा पुरवठा करार झाला आणि त्या भरवशावर बँकेचे कर्ज काढून आम्ही चार नवे माग बसवले. चौदा महिने व्यवहार सुरळीत चालला. मालाबद्दल एकही लेखी तक्रार नाही. आता कंपनीचा ई-मेल आला आहे की, करारातील कलमानुसार साठ दिवसांनी करार संपेल आणि दरम्यानच्या काळात नवी ऑर्डर दिली जाणार नाही. कारण विचारले, तर ‘कारण देण्याचे बंधन आमच्यावर नाही’ असे उत्तर मिळाले. कंपनीचे चिन्ह विणलेला बराच माल गोदामात पडून आहे आणि काही बिलेही थकली आहेत. करार चालू ठेवण्यासाठी न्यायालयातून मनाई हुकूम मिळेल का? कर्जाची भरपाई मागता येईल का?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : मनाई हुकमाची आशा धरू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण त्या आशेवर वकिलाची फी आणि हातातले महिने दोन्ही खर्ची पडतात. ज्या कराराचे स्वरूपच असे आहे की तो पक्षकाराला संपवता येतो, त्या कराराचे प्रत्यक्ष पालन न्यायालय करायला लावत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ याच्या कलम १४ मध्ये ही तरतूद आहे, आणि ज्याचे पालन करायला लावता येत नाही त्याचा भंग थांबवण्यासाठी मनाईही देता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ४१ सांगते. आपल्या करारनाम्यात ‘कोणत्याही पक्षास कारण न देता साठ दिवसांच्या लेखी नोटिशीने करार संपवता येईल’ असे कलम असल्याने तो याच वर्गात मोडतो. मुदत तीन वर्षांची लिहिली आहे, हे खरे. पण त्याच कागदावर ही मुदत साठ दिवसांवर आणण्याचा मार्गही लिहिलेला आहे आणि त्याखाली आपली सही आहे.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस हा निकाल आजही उद्धृत केला जातो. गॅसची वितरक एजन्सी कंपनीने रद्द केली होती. लवादाने ती रद्द करण्याची कारणे टिकणारी नाहीत असे ठरवून एजन्सी परत देण्याचा निवाडा केला. सर्वोच्च न्यायालयाने करारातील तीस दिवसांच्या नोटिशीचे कलम पुढे ठेवले आणि सांगितले की, तीस दिवसांच्या नोटिशीने जो करार कारणाशिवायही संपवता येत होता, तो पुन्हा जिवंत करता येणार नाही. वितरकाला मिळू शकते ती त्या तीस दिवसांच्या उत्पन्नाइतकी भरपाई. आपल्या प्रकरणात हा हिशेब साठ दिवसांचा होतो.

कंपनी मोठी, आपण लहान, कलम एकतर्फी, मग ते न्यायालय अन्यायकारक म्हणून बाजूला ठेवणार नाही का, अशी शंका अनेकजण विचारतात. सरकारी मालकीच्या जलवाहतूक महामंडळातील नोकरीसंबंधीच्या १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे एक कलम रद्द केले होते, परंतु दोन्ही पक्ष व्यापारी असतील आणि व्यवहार व्यापारी स्वरूपाचा असेल तर हे तत्त्व लागू होणार नाही, अशी शक्यताही त्याच निकालात नोंदवून ठेवली होती. शिवाय आपले कलम कागदावर तरी दोन्ही बाजूंना सारखाच अधिकार देते. प्रत्यक्षात त्याचा उपयोग बहुधा खरेदीदारच करतो, कारण नवे माग आणि बँकेचा हप्ता पुरवठादाराच्या डोक्यावर असतो; मला हे कलम आपल्याकडच्या लहान कारखान्यांच्या दृष्टीने वाईटच वाटते, पण वाईट असणे आणि बेकायदेशीर असणे यांत अंतर आहे.

म्हणून लक्ष वळवावे ते ‘का संपवला’ या प्रश्नाकडून ‘कसा संपवला आणि संपेपर्यंत काय देणे आहे’ या प्रश्नाकडे. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य कंपनीच्या उर्मटपणाबद्दलचे नसून ‘दरम्यानच्या काळात नवी ऑर्डर दिली जाणार नाही’ हे आहे. नोटिशीच्या साठ दिवसांत करार पूर्णपणे जिवंत असतो. आता करारनामा काढून हे पाहावे की, दरमहा किमान किती माल उचलण्याचे बंधन कंपनीने स्वीकारले होते. तसे किमान प्रमाण लिहिलेले असेल, तर त्या दोन महिन्यांचा माल न उचलणे हा सरळ करारभंग आहे आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७३ खाली त्याची भरपाई मागता येते. ही भरपाई विक्रीच्या रकमेची नसते. सूत, रंगकाम, मजुरी, वीज हा वाचलेला खर्च वजा जाऊन जो नफा बुडाला, त्याची असते. किमान प्रमाण लिहिलेले नसेल आणि ‘कंपनीच्या गरजेनुसार वेळोवेळी पर्चेस ऑर्डर दिली जाईल’ एवढेच शब्द असतील, तर नव्या ऑर्डरीचा हक्क सांगणे अवघड आहे. मात्र नोटिशीपूर्वी दिलेल्या ऑर्डरी सामान्यतः आपोआप रद्द होत नाहीत. त्या स्वतंत्रपणे बंधनकारक असतात.

नोटीस कशी द्यायची, हेही कलमात लिहिलेले असते. नोंदणीकृत टपालाने, नोंदणीकृत पत्त्यावर, अमुक अधिकाऱ्याच्या सहीने, असे शब्द असतील आणि आपल्याला नुसता ई-मेल आला असेल, तर साठ दिवस अद्याप सुरूच झाले नाहीत असे म्हणता येते. या मुद्द्यावर फार मोठी लढाई उभारू नये, कारण कंपनी दुसऱ्या दिवशी रीतसर नोटीस पाठवू शकते. पण तेवढ्याने काही आठवड्यांचा पुरवठा पदरात पडत असेल, तर उत्तरात हा आक्षेप अवश्य नोंदवावा.

चिन्ह विणलेल्या मालाकडे आपण जितक्या लवकर पाहाल तितके बरे. साधा टॉवेल चाटी गल्लीच्या कापडबाजारात किंवा बाहेरगावच्या व्यापाऱ्याला थोड्या कमी भावाने का होईना विकता येतो. कंपनीचे चिन्ह बॉर्डरमध्येच विणलेले असेल, तर ते काढता येत नाही, आणि परवानगीशिवाय तो माल बाजारात आणला तर व्यापारचिन्हाच्या उल्लंघनाचा दावा कंपनीच आपल्यावर लावू शकते. माल ऑर्डरीप्रमाणे तयार झाला असेल आणि कंपनी तो घेत नसेल, तर माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ५६ खाली नुकसानभरपाई मागता येते. करारातील दर आणि प्रत्यक्ष मिळणारा बाजारभाव यांतील फरक हे तिचे नेहमीचे माप आहे. चिन्हांकित माल चिंधीच्या भावात जात असल्याने येथे हा फरक जवळजवळ पूर्ण किमतीइतका होतो. परंतु कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान कमी करण्याचे जे उपाय आपल्या हाती होते तेही न्यायालय विचारात घेते. म्हणून कंपनीला लगेच लेखी कळवावे की, अमुक इतका माल, अमुक ऑर्डरीवर तयार आहे. तो ठरल्या दराने पंधरा दिवसांत उचलावा, अन्यथा तो चिन्हासह विकण्याची लेखी परवानगी द्यावी. मालाची मोजदाद, छायाचित्रे, मागावरच्या उत्पादनाची नोंदवही आणि सुताची बिले जोडावीत. ऑर्डर हातात नसताना केवळ अंदाजाने आगाऊ विणून ठेवलेला माल मात्र आपल्याच जोखमीचा आहे.

मागांच्या कर्जाबद्दलचे उत्तर निराशाजनक आहे. करार कोणत्याही दिवशी साठ दिवसांच्या अंतरावर होता, त्यामुळे तीन वर्षांच्या उत्पन्नावर बेतलेला हप्ता हे कंपनीने भरून देण्याचे नुकसान ठरत नाही. शिवाय माग आपल्याच मालकीचे असून दुसऱ्या मालासाठी चालतात. कंपनीने ‘आमच्यासाठी एवढी क्षमता वाढवा’ असे लेखी कळवले असेल, किंवा ठरावीक प्रमाणात माल घेण्याची हमी दिली असेल, तर चित्र थोडे बदलते. तसा ई-मेल शोधावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता थकलेली बिले, जेथे आपली बाजू सर्वांत भक्कम आहे. आपण उत्पादक आहात आणि आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून पुरवठ्याच्या आधीची असेल, तर सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ लागू होतो. करारात काहीही लिहिले असले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज चढते. करार मोडल्यावर खरेदीदाराला अचानक जुन्या मालातील दोष आठवू लागतात, हा अनुभव सोलापुरातील अनेक कारखानदारांना आहे; त्याचीही सोय कायद्यात आहे, कारण माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल तर माल स्वीकारला असेच धरले जाते. अर्ज सरकारी संकेतस्थळावरून सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे अशा थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे, करता येतो. करारात ‘वाद फक्त मुंबईत’ किंवा ‘लवादाकडेच’ असे लिहिलेले असले तरी परिषदेचा मार्ग बंद होत नाही. पुरवठादार ज्या राज्यात आहे तेथील परिषदेला अधिकार आहे, आणि लवादाच्या कलमापेक्षा हा कायदा वरचढ ठरतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. निवाडा विरोधात गेल्यास कंपनीला तो आव्हानित करण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून सूक्ष्म व लघू उद्योगांना मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातील वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते, त्यामुळे मार्च महिन्याच्या तोंडावर लिहिलेल्या पत्राला कंपनीचा लेखा विभाग जरा लवकर उत्तर देतो.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी. शेवटचा धनादेश देताना कंपनी ‘आमचे काहीही येणे नाही’ अशा मजकुराच्या कागदावर सही मागेल. पैशांची निकड असते, सही होते, आणि नोटीस काळातील नुकसान, चिन्हांकित माल, व्याज हे सगळे दावे त्या एका सहीने अडचणीत येतात. मिळाली ती रक्कम ‘इतर सर्व हक्क अबाधित ठेवून, अमुक बिलांपोटी’ मिळाली असे लिहूनच घ्यावी.

भरपाईचा दावा थकीत बिलांपासून वेगळा ठेवावा. करारात लवादाचे कलम असेल, तर तो लवादाकडे जाईल. नसेल आणि रक्कम तीन लाख रुपये किंवा अधिक असेल, तर वाणिज्यिक न्यायालयात जाण्यापूर्वी, तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसल्यास, मध्यस्थीचा अर्ज करणे अनिवार्य आहे. तो विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो आणि तेथे झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतके वजन असते. करारभंगापासून तीन वर्षांची मुदत आहे. माझे मत विचाराल तर, मध्यस्थीत चिन्हांकित माल आणि दोन महिन्यांचा किमान पुरवठा एवढ्यावर ठाम राहून बाकीचे सोडून देणे आपल्या हिताचे ठरेल, आणि पुढच्या खरेदीदाराशी करार करताना नोटीस सहा महिन्यांची मागावी, चिन्हांकित तयार माल व त्यासाठी रंगवलेले सूत ठरल्या दराने परत घेण्याचे कलम घालून घ्यावे. दर थोडा कमी मिळाला तरी चालेल.

प्रश्न : बार्शीत माझी एका घरगुती वस्तूंच्या कंपनीची वितरक एजन्सी दहा वर्षांपासून आहे. नेमणुकीचे एकच पानी पत्र आहे. त्यात मुदत नाही, नोटिशीचाही उल्लेख नाही. कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्याने फोनवर सांगितले की, पुढच्या एक तारखेपासून दुसरा वितरक काम पाहील. गोदामात माल आहे, बाजारात उधारी आहे, कंपनीच्या सवलत योजनांपोटी माझे येणे असलेले क्लेम थकले आहेत, आणि कंपनीकडे माझा कोरा धनादेश आहे. मी काय करावे?
— एक वितरक, बार्शी

उत्तर : आपले प्रकरण पहिल्या पत्रापेक्षा वेगळे आहे, कारण येथे नोटिशीचा काळ करारात ठरलेलाच नाही. मुदत नसलेला व्यापारी करार कायमचा असतो असे नाही. तो संपवता येतो, परंतु वाजवी पूर्वसूचना देऊन. आपण कायद्याच्या अर्थाने कंपनीचे अभिकर्ता असाल, म्हणजे कंपनीचाच माल कंपनीच्या वतीने विकून कमिशन घेत असाल, तर करार अधिनियमाचे कलम २०६ थेट लागू होते आणि वाजवी नोटीस न दिल्याने झालेले नुकसान कंपनीला भरून द्यावे लागते. आपण स्वतःच्या पैशाने माल विकत घेऊन स्वतःच्या बिलावर दुकानदारांना विकत असाल, तर सर्वजण ‘एजन्सी’ म्हणत असले तरी कायद्याने आपण अभिकर्ता नसता. वाजवी नोटिशीचे तत्त्व तरीही मांडता येते. ती किती, हे आकड्यात ठरलेले नाही. गोदामातील माल खपायला, बाजारातील उधारी वसूल व्हायला, गाडी आणि माणसांची दुसरी सोय लावायला साधारण किती काळ लागतो, यावरून ते ठरते, आणि दहा वर्षांच्या व्यवहाराला फोनवरचे काही दिवस पुरेसे आहेत असे म्हणणे कंपनीला कठीण जाईल.

फोनवरील संभाषणाचा तारीख-वेळेसह उल्लेख करून आजच कंपनीला पत्र पाठवावे, शिल्लक मालाची यादी जोडावी, माल परत घेण्याची आणि क्लेमची रक्कम चुकती करण्याची मागणी करावी. कोऱ्या धनादेशाबाबत त्याच पत्रात लिहावे की, तो केवळ सुरक्षेपोटी दिला होता, खातेउताऱ्यानुसार आपले देणे इतके आहे किंवा काहीच नाही, आणि तो परत करावा. हे आधीच लिहिलेले असेल, तर उद्या तो धनादेश मोठी रक्कम टाकून बँकेत लावला गेल्यास आणि न वटलेल्या धनादेशाबद्दल परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची तक्रार झाल्यास बचावाला आधार राहतो. देणे खरोखर असेल, तर ते मान्य करून त्यातून क्लेम वळते करण्याची मागणी करावी. देणे नाकारून धनादेश थांबवणे महागात पडते.

पहिल्या उत्तरातील ४५ दिवसांची आणि चक्रवाढ व्याजाची तरतूद आपल्याला मात्र उपयोगी नाही. जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते खरी, पण तिचा लाभ बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवलेला आहे.

प्रश्न : माझा शाळेचे गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. भरतकामाचे यंत्र तीन वर्षांच्या कराराने भाड्याने घेतले. पहिली दोन वर्षे करार सोडता येणार नाही असे कलम आहे. अकरा महिन्यांनंतर काम कमी झाल्याने यंत्र परत करायचे आहे. कंपनी उरलेल्या तेरा महिन्यांचे संपूर्ण भाडे मागत आहे. द्यावे लागेल का?
— एक व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : दोन वर्षांच्या आत कारणाशिवाय बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला नाही, त्यामुळे काहीतरी द्यावे लागेल. संपूर्ण तेरा महिन्यांचे भाडे द्यावे लागेलच, असे मात्र नाही. करारात आगाऊ ठरवलेली रक्कम ही करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत न्यायालय वाजवी भरपाई देते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद प्रकरणात आणि पुन्हा २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात सांगितले आहे. नुकसान सिद्ध करता येण्याजोगे असेल, तर ते सिद्ध करावे लागते. यंत्र कंपनीच्या ताब्यात परत गेले आणि दोन महिन्यांत दुसऱ्याकडे भाड्याने लागले, तर तिचे नुकसान त्या दोन महिन्यांचे, तसेच ने-आण आणि बसवण्याच्या खर्चाचे आहे.

हे लक्षात घेऊन यंत्र बंद करून ठेवण्याऐवजी परत नेण्याचा लेखी प्रस्ताव तारखेसह द्यावा, आणि गणवेशाच्या धंद्यातच यंत्र घ्यायला तयार असलेला कोणी मिळाला तर त्याचे नाव कंपनीला लेखी कळवावे. कंपनीने त्याला नकार दिला, तर पुढील महिन्यांचे भाडे मागताना तिला त्या नकाराचे कारण द्यावे लागेल. यंत्र परत करताना सुरू स्थितीची पावती घ्यावी आणि अनामत रकमेतून काय कापले जात आहे, याचा हिशेब लेखी मागावा.